तेल किनाऱ्याला लागलं तर गावाने काय करायचं? बंदर, कंपन्या आणि ग्रामपंचायतीची आधीच मोट बांधता येईल का?

उरणकर_नाखवा
मंडळी, बऱ्याच दिवसांपासून मनात असलेला प्रश्न मांडतो. आमचं गाव उरण तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. एका अंगाला न्हावा-शेव्याचं बंदर, समोर जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, पलीकडे ओएनजीसीचा प्रकल्प. या सगळ्यांच्या मधल्या पाण्यात आमची डोल, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, लागते.

मुंबई बंदर, जेएनपीए (न्हावा-शेव्याचं बंदर चालवणारी संस्था) आणि तेल हाताळणाऱ्या कंपन्यांनी गळतीसाठी सामायिक यंत्रणा उभी केली आहे. तरंगते बांध म्हणजे बूम, तेल ओढून घेणारे स्किमर, शिकलेली माणसं, सगळं एकत्र आणि खर्च वाटून. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती पाण्यावरची. तेल तिवरांत म्हणजे खारफुटीत शिरलं, रेतीवर आलं, जाळ्याला लागलं, तिथून पुढचं काम कुणाचं? ग्रामपंचायतीकडे हातमोजेसुद्धा नाहीत. मच्छीमार सोसायटीला कुठला नंबर फिरवायचा ते ठाऊक नाही. कंपन्या गावाला बाकडी देतात, सौरदिवे देतात, शाळेला रंग देतात. त्यापेक्षा आम्हाला या कामात लेखी भागीदार करून घ्या, होड्यांचे करार करा, शिकवा, दर ठरवा, असं माझं मत आहे. कुठे असं झालंय का? तुमच्या भागात काय अनुभव?

नीलिमा_थळ
अगदी जिव्हाळ्याचा विषय. ७ ऑगस्ट २०१०, शनिवारची सकाळ. मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. वर कंटेनर पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशकं. आमच्या किनाऱ्यावर बिस्किटांचे पुडे आणि काळा चिकटा एकत्रच लागला होता. पोरं पुडे उचलायला धावायची आणि बाया त्यांना मागे ओढायच्या.

खरा मार बसला तो बाजारात. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली आणि लोकांनी मासळी खाणं बंद केलं. ज्या गावांच्या पाण्यात तेलाचा थेंब नव्हता, तिथल्या बायकांच्या टोपल्यासुद्धा तशाच घरी परत यायच्या. मासळी तपासून "ही खायला चालेल" असं सांगणारं कुणीतरी दुसऱ्याच दिवशी उभं राहायला हवं होतं. नाखवादादा, तुमच्या भागीदारीत हे पण घाला. नुसती साफसफाई नको, मासळीची तपासणी आणि तिची दवंडी.

दीपस्तंभ
बंदराच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडी मांडणी करून देतो.

आपल्याकडे तेलगळतीचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आहे आणि त्याचं सूत्रचालन तटरक्षक दलाकडे आहे. गळतीचे तीन स्तर मानतात. ७०० टनांपर्यंत पहिला, तिथून १०,००० टनांपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. पहिल्या स्तराची तयारी बंदरांनी आणि तेल हाताळणाऱ्यांनी आपापल्या हद्दीत ठेवायची असते. धाग्यात म्हटलेली सामायिक यंत्रणा ती हीच. तेल हद्दीबाहेर गेलं किंवा आवाक्याबाहेर गेलं की तटरक्षक दलाची प्रदूषण नियंत्रण जहाजं येतात.

किनारा साफ करणं मात्र राज्य सरकारकडे येतं. राज्य म्हणजे प्रत्यक्षात कोण? प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकारी, तहसीलदार, आणि सगळ्यात शेवटी ग्रामपंचायत. वरच्या टोकाला सरावाचे कार्यक्रम, जहाजं, हेलिकॉप्टर आहेत आणि खालच्या टोकाला ग्रामसेवक एकटा. नाखवा म्हणताहेत ती फट खरी आहे.

चिकित्सक
फट खरी, पण उपाय पटला नाही. जी ग्रामपंचायत गावाचा ओला-सुका कचरा वेगळा करू शकत नाही, ती घातक कचरा हाताळणार? हे काम प्रशिक्षित लोकांचं आहे. तटरक्षक दलाला आणखी जहाजं द्या, प्रश्न सुटेल. दहा जणांना भागीदार केलं की ऐनवेळी एकही जबाबदार सापडत नाही.

उरणकर_नाखवा
चिकित्सक, तेल आलं की गावातली माणसं पाण्यात उतरतातच हो. जाळी कुणाची अडकलेली असतात? तुम्ही बोलवा की नका बोलवू, ती उतरणारच. न शिकवता उतरावीत की शिकवून, एवढंच आपल्या हातात आहे.

आश्लेषा_चेन्नई
+१ नाखवा. मी चेन्नईत राहते आणि २०१७ चं डोळ्यांनी पाहिलंय. २८ जानेवारीला पहाटे एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर दोन जहाजं आदळली. सुरुवातीला गळती झालीच नाही असं सांगितलं गेलं. मग एर्णावूरच्या दगडी बांधाला काळा गाळ येऊन थटला. पाणी आणि तेल घुसळून इतकं दाट झालं होतं की मोठे सक्शन पंप निकामी ठरले. शेवटी काय? बादल्या. कॉलेजची मुलं, मच्छीमार, सरकारी कर्मचारी, सगळे रांग करून हातोहात बादल्या पोचवत होते. दगडांवर पाय ठरत नव्हता. कित्येकांच्या हातात नुसते स्वयंपाकाचे पातळ मोजे, तोंडावर रुमाल.

लोकांची तळमळ बघून भरून येत होतं आणि संतापही येत होता. एवढ्या मोठ्या बंदराच्या शेजारी जाड मोजे, गमबूट आणि झाकणाचे पिंप साठवलेली एक खोली नसावी?

आणि २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग वादळाच्या पुरात औद्योगिक भागातलं तेल एन्नोरच्या खाडीत उतरलं, तेव्हा पुन्हा मच्छीमारांच्याच होड्या कामाला लावल्या. दोन्ही वेळा त्यांची गरज पडली. मग करार आधीच का करू नये?

सुरक्षा_अभियंता
मी रसायन कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. चिकित्सकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, तो टाकून देऊ नका.

ताजं तेल धोकादायक असतं. पहिल्या काही तासांत त्यातून बेंझीनसारख्या वाफा निघतात, डोकं जड होतं, चक्कर येते, आगीचाही धोका असतो. त्या वेळी गावाचं काम एकच: माणसांना आणि गुरांना लांब ठेवणं, चुली-बिड्या बंद, आणि तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवणं. तेल उडून, घट्ट होऊन किनाऱ्याला लागलं की मग शिकलेल्या गावकऱ्यांची पाळी. जाड मोजे, गमबूट, अंगभर कपडे, दर थोड्या वेळाने विश्रांती, गरोदर बायका आणि मुलं अजिबात नाहीत.

दुसरं म्हणजे कचरा. किनाऱ्यावर एक टन तेल आलं की तेलकट रेती, शेवाळ, प्लास्टिक मिळून त्याच्या कितीतरी पट माल गोळा होतो. तो ठेवायचा कुठे? भरतीच्या रेषेच्या वर, विहिरीपासून लांब, खाली जाड ताडपत्री अंथरून, अशी जागा आधी ठरलेली पाहिजे. मग तिथून तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात. आता ही जागा गावाशिवाय कोण दाखवणार? इथे ग्रामपंचायत लागतेच, चिकित्सक.

पमाकाकू
खूप माहिती मिळतेय. आम्हा दादरकरांना एवढंच ठाऊक की पावसाळ्यात चौपाटीवर फिरून आलं की तळव्यांना डांबर लागतं. माझ्या सासूबाई दाराशी खोबरेल तेलाची वाटी घेऊनच बसायच्या. आधी तळवे, मग चहा! नातवंडं अजून तोच नियम पाळतात.

माडाचीपात
पमाकाकू, आमच्या गोव्यातही तेच, फक्त वाटी मोठी लागते. मे महिना संपत आला आणि वारा नैऋत्येकडून वाहू लागला की किनाऱ्यांवर तेलगोळे येऊन पडतात. पर्यटक वैतागतात, शॅकवाले वैतागतात, पंचायत रेती खरवडून घेते. नाव घ्यायला एकही जहाज नसतं. भर समुद्रात कुणीतरी टाकीची धुणावळ सोडून देतं आणि ती आमच्या दारात येते.

म्हणून मला वाटतं, अपघाताच्या तयारीसोबत या रोजच्या घाणीचाही विचार भागीदारीत असावा. तेलाचा रासायनिक ठसा काढून ते कुठल्या प्रकारचं, कुठून आलेलं असू शकतं हे शोधता येतं. गावांनी नमुने काचेच्या बाटलीत नीट जमा करायचे आणि प्रयोगशाळेचा खर्च तेल उद्योगाने उचलायचा, हे काही अवघड नाही.

आणि २०१९ चं आठवतंय ना? नाफ्था (झटकन पेटणारं खनिज तेल) भरलेलं, एकही माणूस नसलेलं जहाज मुरगाव बंदरातून सुटून दोना पावलाच्या खडकांवर येऊन बसलं होतं. तो माल सुखरूप निघेपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता.

ध्रुवतारा_अँकरेज
धागा वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं अलास्कात आहे. नाखवा जे मागताहेत ते इथे जवळजवळ तसंच उभं आहे, आणि फार मोठी किंमत मोजून उभं राहिलंय.

२४ मार्च १९८९ ला एक्सॉन वाल्डिझ हा टँकर ब्लाय रीफच्या खडकावर चढला. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल प्रिन्स विल्यम साउंडच्या पाण्यात गेलं. कागदावर आराखडा होता, साहित्यही होतं. पण ते वाहून नेणारी बार्ज (सपाट तळाची मालवाहू नाव) दुरुस्तीसाठी बाजूला काढलेली आणि साहित्य उतरवून ठेवलेलं. पहिले मोलाचे तास ते पुन्हा चढवण्यातच गेले.

तेव्हा कॉर्डोव्हा या छोट्या गावाचे मच्छीमार कुणाची वाट न बघता आपल्या होड्या घेऊन निघाले आणि सामन माशांच्या उबवणी केंद्रांसमोर त्यांनी बूम लावले. त्यांना तिथलं पाणी पाठ होतं. ती केंद्रं त्यांच्यामुळे वाचली.

पुढे दोन गोष्टी झाल्या. एक, मच्छीमारांच्या होड्या कराराने यंत्रणेत आल्या. आज सुमारे ४०० होड्या यादीत आहेत. दरवर्षी सराव होतो, आणि सरावाच्या दिवसाचे पैसे मिळतात. दोन, किनाऱ्यावरची गावं, मच्छीमार, मूळ रहिवासी, पर्यटन व्यावसायिक यांची नागरिक सल्लागार परिषद स्थापन झाली. टँकरच्या धक्क्याचे आणि पाइपलाइनचे आराखडे ती वाचते, सरावाला निरीक्षक पाठवते, चुका जाहीरपणे सांगते.

चिकित्सक
परिषदेचा खर्च कोण करतं?

ध्रुवतारा_अँकरेज
पाइपलाइन चालवणारी कंपनी.

चिकित्सक
मग तेच तर म्हणतोय. ज्याच्या हातात दोऱ्या, त्याच्या तालावर नाच. आपल्याकडे असं काही केलं तर पहिल्या वर्षी गावजेवण, दुसऱ्या वर्षी सरपंचाच्या पुतण्याला ठेका, आणि तिसऱ्या वर्षी परिषद कंपनीची तारीफ करणारं पत्रक काढेल. उद्योगाकडून पैसे घेऊन उद्योगावर पहारा ठेवता येत नाही.

ध्रुवतारा_अँकरेज
तुमची शंका रास्त आहे आणि इथेही ती घेतली गेली होती. म्हणूनच करारात दोन पाचरी मारून ठेवल्या आहेत. पाइपलाइनमधून तेल वाहतंय तोवर पैसे द्यावेच लागतात, रुसून बंद करता येत नाहीत. आणि परिषदेत कंपनीचा सदस्य नसतो, कुणाला घ्यायचं हे कंपनी ठरवत नाही. वर १९९० च्या अमेरिकी तेल प्रदूषण कायद्याने अशा परिषदेची तरतूदच केली. पैसा उद्योगाचा, पण तो मर्जीवर अवलंबून नाही.

फियोर्डकाठी
नॉर्वेहून छोटी भर घालते. इथे शेजारशेजारच्या नगरपालिका एकत्र येऊन प्रदूषणाच्या आणीबाणीसाठी समित्या चालवतात आणि समुद्रातल्या तेल कंपन्यांची स्वतःची सामायिक संस्था असते. तिच्याकडेही मच्छीमार होड्यांचे करार असतात. उन्हाळ्यात परवानगी काढून समुद्रात खरंखुरं तेल सोडून सराव करतात, कारण पाण्यावर सोडलेल्या संत्र्यांनी किंवा भुशाने तेल कसं वागतं ते कळत नाही. आपल्या खाडीत असं मुळीच करू नये, पण सराव फोटोपुरता नसावा एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

उरणकर_नाखवा
ध्रुवतारा, कॉर्डोव्ह्याचं वाचून अंगावर काटा आला. पाणी पाठ असण्यावरून एक सांगतो. आमच्या भागात एकदा सराव झाला, तो मी होडीतून पाहिला. बूम खाडीच्या आडवा, अगदी काटकोनात ताणला होता. सुकती (ओहोटी) जोरात लागली तसा तो मधोमध फुगला, खालचा पडदा पाण्याबरोबर वर उचलला गेला आणि भुसा खालून निघून गेला. आमच्या होडीतला म्हातारा तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणाला, "तिरका लावा, पाणी अंगावर घेऊ नका, कडेला काढा." डोल लावण्यात जन्म गेलेल्या माणसाला पाण्याचा ताण कळतो. पण त्याला विचारायला कुणी नव्हतं.

दीपस्तंभ
तुमच्या तांडेलाला माझा नमस्कार सांगा, शास्त्र तेच सांगतं. प्रवाह बूमवर सरळ आदळत असेल आणि वेग पाऊण नॉटच्या (तासाला पाऊण सागरी मैलाच्या) आसपास गेला की तेल खालून निसटायला लागतं. मुंबईच्या खाड्यांत उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, पाणी त्याच्या कितीतरी पट वेगाने धावतं. तिथे बूम तिरका टाकून तेल कडेच्या शांत पाण्याकडे वळवायचं आणि तिथे स्किमर लावायचा. उधाणाला जागा वेगळी, भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) वेगळी. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी बूम कुठे बांधायचा याचा नकाशा स्थानिक नाखव्यांना सोबत घेऊन आधी काढला पाहिजे. कार्यालयात बसून तो निघत नाही.

पावसाळाही लक्षात घ्या. चित्राची टक्कर ऑगस्टमधली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, राक कॅरिअर हे ६०,००० टन कोळसा वाहणारं जहाज मुंबईबाहेर बुडालं, तेही ऑगस्टमध्येच. खवळलेल्या समुद्रात बूम-स्किमर फारसे चालत नाहीत आणि वारा तेल किनाऱ्याकडेच ढकलतो. म्हणजे पाण्यावरची यंत्रणा जेव्हा सर्वांत लंगडी, तेव्हाच किनाऱ्यावर सर्वांत जास्त काम. पावसाळ्यासाठी तरी गावाची तयारी हवीच हवी.

तिवरांची_सई
कांदळवनावर काम करते, म्हणून कळकळीची विनंती. तेल तिवरांत शिरलं तर आत घुसून साफ करू नका. तिवरांची श्वासमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. तेलाने ती आधीच बुजलेली असतात. त्यात माणसं चालली की मुळं मोडतात आणि तेल चिखलात खोल दाबलं जातं. मग ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं आणि निवट्या, खेकडे, कालवं सगळ्यांत उतरतं. जोराच्या पाण्याचा फवाराही नको. कडेला साचलेलं तेल होडीतून शोषून घ्यायचं आणि आतलं बरंचसं भरती-ओहोटीवर सोडायचं. तेल विरघळवणारी रसायनंही उथळ खाडीत नकोत. तेल नुसतं डोळ्यांआड होतं आणि खाली माशांच्या पिल्लांपर्यंत पोचतं.

म्हणूनच प्राधान्य आधी ठरवा. कुठली खाडी सर्वांत आधी बंद करायची, कुठली पुळण (रेतीचा किनारा) तेल घ्यायला मोकळी सोडायची. पुळणीवरची रेती उचलता येते, तिवरांतला चिखल उचलता येत नाही. हा निर्णय कठीण आहे, कारण एका गावाची पुळण दुसऱ्या गावाच्या खाडीसाठी द्यावी लागते. तो आणीबाणीच्या रात्री झाला तर भांडणं होतील. शांतपणे बसून, नुकसानीचा वाटा कसा हे लिहूनच झाला पाहिजे.

फणसाचे_गरे
सई, हे फार महत्त्वाचं. यावर वेगळा धागा काढा प्लीज.

अ‍ॅड_सागरी
भरपाईवर थोडं. जहाजाच्या इंधनाच्या गळतीबाबतचा बंकर करार भारताला २०१५ पासून लागू आहे. १,००० ग्रॉस टनेजहून (जहाजाच्या एकूण आकारमानाचं माप) मोठ्या जहाजाला विमा सक्तीचा आणि भरपाई थेट विमा कंपनीकडे मागता येते. दाव्याची मुदत नुकसान झाल्यापासून तीन वर्षं. राक कॅरिअरच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जहाज कंपनीला १०० कोटी रुपये भरायला सांगितले होते. केरळात २०२५ च्या मे महिन्यात एमएससी एल्सा-३ हे जहाज बुडाल्यावर राज्याने ती राज्य आपत्ती जाहीर केली आणि ९,५३१ कोटींची मागणी घेऊन उच्च न्यायालय गाठलं.

पण मच्छीमारापर्यंत पैसा पोचायचा तर पुरावा लागतो. गळतीआधीच्या वर्षांत किती मासळी आली, किती विकली, जाळ्याची किंमत काय, याच्या नोंदी सोसायटीकडे असतात का? बहुतेक ठिकाणी नसतात. मग पंचनाम्यात सगळ्यांना सरसकट एक आकडा. माझ्या मते भागीदारीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग हाच: सोसायटीत रोजच्या मासळीची नोंद ठेवणारा एक माणूस, त्याचा पगार उद्योगांच्या सामायिक निधीतून.

नीलिमा_थळ
आणि नोंदीत टोपली घेऊन विकणाऱ्या बायकाही धरा. होडी नावावर नाही म्हणून पंचनाम्यात त्यांचं नाव येत नाही. धंदा मात्र त्यांचाच आधी बसतो.

सुरक्षा_अभियंता
मूळ प्रश्नाकडे येतो. नवीन परिषद कधी निघेल ते निघेल, पण एक दार आजही उघडं आहे आणि फारसं कुणी ठोठावत नाही. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांप्रमाणे औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक आपत्ती गट असावा लागतो. अध्यक्ष प्रांताधिकारी. सदस्यांत कारखाने निरीक्षक, उद्योगांचे प्रतिनिधी, अग्निशमन, पोलीस, गटविकास अधिकारी, डॉक्टर, आणि नीट वाचा, सर्वांत जवळच्या गावाचा सरपंच किंवा लोकप्रतिनिधी. गटाने दरमहा बैठक घ्यायची आणि दर सहा महिन्यांनी पूर्ण सराव. ज्वालाग्राही तेलाचे मोठे साठे या नियमांच्या कक्षेत येतात.

म्हणजे बंदरालगतच्या औद्योगिक पट्ट्यात सरपंचाला उद्योगांच्या बरोबरीने बसायची खुर्ची कायद्याने दिलेली आहे. तुमच्या सरपंचांना शेवटची बैठक कधी झाली ते विचारा.

चिकित्सक
हे मला माहीत नव्हतं. कायदेशीर गट, इतिवृत्त आणि ठरलेल्या तारखा असतील तर माझा विरोध बराच मावळतो. पण अट एक: होड्यांच्या कराराची यादी आणि दर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेच पाहिजेत. पुतण्याची भीती मला अजून आहे.

उरणकर_नाखवा
चिकित्सक, फलकाची अट शंभर टक्के मान्य. मीच लावीन.

सगळ्यांचे मनापासून आभार. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरवलंय. मसुद्यात हे घेतोय: स्थानिक आपत्ती गटाच्या मागच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागवणे, गटात बंदर, तटरक्षक दल आणि मच्छीमार सोसायटीला निमंत्रित करणे, होड्यांचे करार सरावाच्या मोबदल्यासह, गावात साहित्याची एक खोली आणि तिची किल्ली दोघांकडे, तेलकट कचऱ्याची जागा, बूमचा नकाशा उधाण-भांगाप्रमाणे, मासळीची रोजची नोंद, विक्रेत्या बायकांसह, आणि तिवरांत कुणी उतरायचं नाही. पुळण की खाडी, हा विषय शेजारच्या गावांशी आधी बोलून मगच घेईन. कुणाकडे अशा ठरावाचा नमुना असेल तर द्या.

अ‍ॅड_सागरी
मसुदा पाठवा, भाषा नीट करून देते. एक सुधारणा: "सराव घ्यावा" असं मोघम लिहू नका. "पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उधाणाला, सुकतीच्या वेळी, खाडीच्या तोंडावर" असं लिहा. आणि निरीक्षक म्हणून त्या तांडेलांचं नाव ठरावातच घाला.